फाटकावर थांबलेली गाडी

९ जानेवारी

आज कॉलेजात मॅडमनी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाचं मोठं काम दिलं. तीन जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्या आणि तिन्हींना नवी मुखपृष्ठं. तिन्ही एका घरातल्या वाटल्या पाहिजेत, पण जुळ्या वाटता कामा नयेत. एक प्रकाशक या कादंबऱ्या नव्याने काढणार आहे आणि वर्गातलं ज्याचं काम आवडेल त्याचं खरंच छापणार आहे. म्हणजे पुस्तकाच्या आत ‘मुखपृष्ठ’ असं लिहिलेलं असेल आणि त्यापुढे माझं नाव. हे ऐकून माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. मग मॅडमनी पुस्तकं हातात दिली आणि गुदगुल्या थांबल्या. तिसरी कादंबरी विटेएवढी जाड आहे.

“वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “न वाचता केलेलं मुखपृष्ठ मला लांबून ओळखू येतं.”

कादंबऱ्यांची नावं इथे लिहीत नाही. पुढचे काही महिने तीच नावं गिरवायची आहेत, वहीला तरी सुट्टी. पहिली एका न्यायाधीशाची, दुसरी दोन शेजाऱ्यांच्या भिंतीची, तिसरी रेल्वे फाटकाची. 

माझी अडचण अशी की मला वाचता येत नाही. म्हणजे येतं, पण मला अक्षरंच दिसत राहतात. ‘ळ’ची गाठ कशी मारलीय ते बघत बसतो आणि गोष्टीत कोण मेलं ते कळतच नाही.

१२ जानेवारी

डोकं चाललं! आत्या वाचेल.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी अजून बोबडं बोलत होतो. आत्या तेव्हा ‘थोडे दिवस’ राहायला आली ती आलीच. तेव्हा ती कॉलेजात काहीतरी शिकत होती, झाडाबिडांचं. आता आमच्या गॅलरीत तिच्या एवढ्या कुंड्या आहेत की कपडे वाळत घालायला आडवं होऊन जावं लागतं. मी दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झालोय, तरी तिच्यासाठी अजून ‘छोट्या’च आहे.

स्वयंपाकघरात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, “आत्या, तुला दुपारी वेळ असतो ना गं?”

“असतो की. कपाटात घडी घालून ठेवलाय. किती हवाय?”

“एक कादंबरी वाचशील? आणि मला गोष्ट सांगशील? अगदी थोडक्यात. कोण, कुठे, काय झालं.”

तिने ओले हात पदराला पुसले, पुस्तक उलटंपालटं केलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. “मी शेवटचं पुस्तक कधी वाचलं तेच आठवत नाही,” म्हणाली. मला वाटलं नाही म्हणेल. पण तिने ते साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि लसूण सोलता सोलता पहिलं पान वाचायला लागली.

सगळ्यांचं भलं झालं. तिचाही वेळ जाईल.

२४ जानेवारी

न्यायाधीश संपला. आत्याने गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मी भात गार केला. एक न्यायाधीश चुकीच्या माणसाला शिक्षा देतो आणि निवृत्त झाल्यावर त्याच माणसाच्या गल्लीत राहायला जातो. रोज सकाळी दोघांची गाठ पडते. बोलत कुणीच नाही.

मी मुखपृष्ठावर फक्त दोन खिडक्या केल्या, समोरासमोर. एक उघडी, एक बंद. मॅडमनी बराच वेळ बघितलं आणि ‘हं’ म्हणाल्या. मॅडमचा ‘हं’ म्हणजे दुसऱ्यांची टाळी. ठिपका माझ्याकडे संशयाने बघत होती. ठिपका माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि सगळी चित्रं ठिपक्यांनीच करते. तिने कादंबरी दोनदा वाचलीय. 

“तुला आवडलं कुठलं पान?” तिने विचारलं.

“सगळीच,” मी म्हणालो.

६ फेब्रुवारी

भिंतसुद्धा संपली. आत्याचा वेग वाढलाय. चष्मा नवा करून आली, त्यामुळे असेल. एक गंमत म्हणजे तिने स्वतःहून वाचनालयात नाव घातलंय. मी म्हटलं, “मी देतोय तेवढी पुरत नाहीत का?” तर म्हणते, “ती तुझी. मला माझी नकोत का?”

जेवण हल्ली उशिरा होतं. काल दूध उतू गेलं आणि ही बया पान उलटत होती. बाबा म्हणाले, “काय जळतंय?” ती म्हणाली, “उठून बघ ना.” बाबा इतके चकित झाले की खरंच उठून बघितलं.

१५ फेब्रुवारी

फाटकाची कादंबरी चालू आहे. आत्या रोज थोडं थोडं सांगते. मी ऐकता ऐकता रेखाटनं करतो. 

गोष्ट अशी: माळावर एक रेल्वे फाटक. फाटकवाला आणि त्याची बहीण तिथल्या खोलीत राहतात. बायको वारल्यावर त्याला मदत म्हणून बहीण आलेली असते. गाड्या येतात, फाटक पडतं, गाड्या जातात, फाटक उठतं. एकही गाडी तिथे थांबत नाही. बहीण स्वयंपाक करते, भावाला बरं नसलं की फाटकही तीच ओढते. फाटकाच्या कडेने तिने गुलाब लावलेत, कलमं करते, येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाडीवाल्यांना देते.

खरं सांगायचं तर काहीच घडत नाही. न्यायाधीश बरा होता. मी आत्याला म्हणालो, “यात आहे काय एवढं? एक बाई स्वयंपाक करते.”

“हो,” आत्या म्हणाली. “एवढंच आहे.” आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागली.

२१ फेब्रुवारी, रविवार

रविवारी आत्याच्या मैत्रिणीचा फोन येतो. दोघी कॉलेजात एकत्र होत्या. मैत्रिणीची दूर एका गावात रोपवाटिका आहे. पूर्वी आत्या पाच मिनिटांत ‘बरं गं, ठेवते, इथे सगळे जेवायचे आहेत’ म्हणून ठेवायची. आज गॅलरीत कुंड्यांमध्ये पाटावर बसून बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, “जागा अजून आहे ना? नाही, मला नीट सांग. आहे ना?”

बहुतेक कुंड्या पाठवायच्या असतील तिकडे. बरं होईल, कपड्यांना ऊन लागेल.

२ मार्च

आज फार छान वाटलं. आत्याला माझ्या कामात रस वाटायला लागलाय! म्हणाली, “छोट्या, तुझं अक्षर एवढं चांगलं आहे, मला सगळ्या डब्यांवर नावं लिहून दे. मोठी, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी.”

मी दुपारभर बसलो. हळद, मीठ, साखर, तांदूळ, चहा. ‘हळद’ला थोडी पिवळी सावली दिली. ‘मीठ’ एकदम साधं, सरळ. अक्षरांमधली अंतरं कशी ठेवायची ते मी तिला समजावून सांगितलं आणि तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तांदळाच्या आणि डाळींच्या डब्यांवर किती पाणी घालायचं तेही लिही. बारीक अक्षरात.”

“तुला माहीत नाही का?”

“असू दे. लिहिलेलं बरं असतं.”

वय होतंय तिचं. विसरायला लागली असेल. 

८ मार्च

आत्याने फाटकाची कादंबरी काल संपवली, पण गोष्ट सांगेना. विचारलं तर ‘डोकं दुखतंय’. आज सकाळी ती कपडे पिळत होती तेव्हा मी हटूनच बसलो. पुढच्या आठवड्यात प्रकाशकाकडची माणसं बघायला येणार आहेत आणि माझ्या हातात शेवट नाही.

“शेवटी एक दिवस गाडी थांबते,” आत्या म्हणाली. “सिग्नल मिळत नाही म्हणून. नेमकी फाटकात. डब्याचं दार हिच्या समोर येतं.”

“मग?”

“मग ती बघते. दार उघडं असतं. ती पायरीवर पाय ठेवते.”

“मग?”

“जाते.”

“कुठे?”

“मला काय सांगून गेली का? गाडीत बसते आणि जाते. संपलं पुस्तक.” तिने चादर इतक्या जोरात झटकली की मला पाणी उडालं. “धर दुसरं टोक.”

शेवट एकदम झकास आहे! एवढ्या कंटाळवाण्या पुस्तकाला असा शेवट असेल असं वाटलं नव्हतं. मला चित्र तिथेच दिसलं. गाडीच्या खिडकीतून मागे बघणारी बाई, वाऱ्याने उडणारे केस, आणि लांबवर बोटाच्या पेराएवढं फाटक.

११ मार्च

सलग काम. चित्र सुरेख झालंय. मी स्वतःचं कौतुक करत नाही, पण या वेळी करतो. आत्याला दाखवलं. ती बघतच राहिली. खिडकीतल्या बाईच्या तोंडावर बोट ठेवलं, अगदी हलकं, आणि म्हणाली, “हसतेय का रे ही?”

“थोडीशी.”

“बरं केलंस.”

१६ मार्च

आजचा दिवस पुसून टाकता आला तर बरं.

प्रकाशकाकडून एक संपादिकाबाई आल्या होत्या. पांढरे केस, अंगाने भरलेल्या, आवाज मऊ. न्यायाधीशाच्या खिडक्या त्यांना फार आवडल्या. भिंतीलाही मान हलवली. मग तिसरं उचललं आणि हात लांब करून न्याहाळलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे कुठल्या पुस्तकाचं?”

मला वाटलं चेष्टा करतायत. मी फाटकाच्या कादंबरीचं नाव सांगितलं.

“त्यात ही बाई गाडीत कधी बसली?”

“शेवटी. गाडी थांबते तेव्हा.”

“नाही बसत,” त्या म्हणाल्या. “पायरीवर पाय ठेवते. मग तिला चुलीवरचं दूध आठवतं आणि खाली उतरते. गाडी जाते. ती फाटक उचलते. हेच तर ते पुस्तक आहे.”

मला वाटलं फरशी उघडावी आणि मी बाकासकट आत जावं.

मॅडमनी विचारलं, “वाचलं नाहीस?”

“वाचून घेतलं.”

“कुणाकडून?”

“आत्याकडून.”

सगळे हसले. ठिपकासुद्धा. मॅडम हसल्या नाहीत. “आत्यांनी काय सांगितलं?”

“की ती गेली.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, जरा विचित्रच. “घरी जा आणि त्यांना विचार, असं का सांगितलं ते. आणि पुस्तक वाच. महिनाअखेरीला पुन्हा दाखवायचं आहे. तुझं तिसरं मी आज धरत नाही.”

घरी आलो तो धुमसतच. आत्या भाजी चिरत होती. मी चित्र ओट्यावर आपटलं.

“ती जात नाही! खाली उतरते! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय!”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला ते पान पटलं नाही.”

“पटलं नाही? तुला पटायचा प्रश्नच कुठे आहे? लिहिणाऱ्याने लिहिलंय! तुला कुणी सांगितला होता शहाणपणा? एक साधं काम दिलं होतं तुला!”

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी असा तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तिने सुरी खाली ठेवली. चिडली नाही, रडली नाही. 

“तुझं नुकसान झालं, ते माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “त्याचं मला वाईट वाटतं. पण छोट्या, मी ते पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. दर वेळी ती उतरते. एवढी पानं मी तिच्याबरोबर काढली आणि शेवटी दूध! माझ्या तोंडून ते निघेना.”

मी खोलीत येऊन दार लावलं.

१७ मार्च

जेवताना आत्याने वाढता वाढता सांगितलं, “एक तारखेपासून मी जाणार आहे. रोपवाटिकेत. ती एकटी दमलीय, मला भागीदार करून घेतेय. माझं ठरलंय.”

बाबांचा घास हातातच राहिला. “किती दिवस?”

“दिवस नाही. राहायलाच.”

“अगं, पण घराचं काय?”

“घराला काय होतंय? घर इथेच राहील.”

बाबा माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काहीतरी केलंय. मलाही तसंच वाटलं. जेवण झाल्यावर मी तिला गाठलं आणि म्हटलं, “मी काल ओरडलो म्हणून चाललीस का?”

ती खळखळून हसली. किती दिवसांनी. “अरे वेड्या, तू ओरडायच्या आधीच माझं तिकीट काढून झालंय.”

म्हणजे ते डबे. ती नावं. आणि मी तिला अक्षरांमधली अंतरं शिकवत होतो!

२० मार्च

वाचतोय. पर्याय नाही. पहिली काही पानं नेहमीसारखी गेली, ‘ळ’ आणि ‘क्ष’ बघत. मग केव्हातरी अक्षरं दिसायची थांबली आणि माळ दिसायला लागला.

एक गोष्ट कळत नाही. या पुस्तकात गुलाब कुठेच नाहीत. कलमं नाहीत, बैलगाडीवाल्यांना रोपं देणं नाही. पुढे असतील म्हणून वाचत गेलो. नाहीतच. बहीण शिवणकाम करते. आत्याने गुलाब आणले कुठून? गोष्ट जरा सपक वाटली असेल म्हणून भर घातली असावी.

२२ मार्च

आज वाचताना एका पानावर थांबलो. भाऊ जेवायला बसतो, ताट पुढे येतं, तो जेवतो, उठतो. बस. वाक्य एवढंच आहे. ताट कुठून आलं ते लेखकाने लिहिलेलंच नाही. ते आपलं येतं.

मी मान वर केली तर आत्याने आणून ठेवलेला चहा माझ्या शेजारी होता. केव्हा आणला, कळलं नाही. निम्मा निवला होता.

गुलाबांची भर सपक गोष्टीसाठी नव्हती. ही अक्कल मला आज आली. इतके दिवस ती मला कुणाची गोष्ट सांगत होती आणि मी म्हणत होतो, यात आहे काय एवढं, एक बाई स्वयंपाक करते.

चहा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हणायचं बरंच होतं. म्हणालो, “आत्या, गाळणी कुठे असते?”

“तुझ्या नाकासमोर,” ती म्हणाली. आणि मग मला नीट बघून, “बस. मी सोलते, तू चीर. बोटं सांभाळ.”

२४ मार्च

पुस्तक संपलं. शेवटचं पान वाचलं आणि भिंतीकडे बघत बसलो. दूध. खरंच दूध. लेखकाने काहीही समजावून सांगितलेलं नाही, तिला रडूसुद्धा दिलं नाही. फार मोठं पुस्तक आहे आणि मला त्याचा भयंकर राग आलाय. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे माहीत नव्हतं.

आता मुखपृष्ठाचं काय? गाडीतली बाई खोटी. फाटक ओढणारी बाई खरी, पण ती काढायला माझा हात उठत नाही. ठिपकाला सांगितलं. ती म्हणाली, “मी पुस्तकातलं दूधच केलंय, उतू जाणारं. पण मला ते करताना मजा नाही आली.” मग म्हणाली, “मी त्या दिवशी हसले. चुकलं.” मी म्हटलं, “मीही हसलो असतो.”

बाबा अजून आत्याशी मोजकंच बोलतात. आज मात्र मी पाणी प्यायला गेलो तर ते एकटेच ओट्यासमोर उभे राहून डब्यांवरची नावं वाचत होते. बारीक अक्षरातलं सुद्धा, डब्याजवळ तोंड नेऊन.

“मीच तिला आणलं होतं,” ते म्हणाले. “थोडे दिवस म्हणून. परीक्षा राहिली होती तिची. पुढच्या वर्षी देईल म्हटलं.” 

“मग?”

“मग काय. कुणी विषयच काढला नाही.” त्यांनी तांदळाचा डबा उघडला, बघितला, लावला. “किती पाणी घालायचं हे तूच लिहिलंस का? अक्षर छान आहे.”

२६ मार्च

सापडलं. सकाळी तोंड धुताना सापडलं.

बाई नको, खिडकी नको. फक्त पाय. एक पाय जमिनीवर, टाच उचललेली. दुसरा डब्याच्या पायरीवर. पुस्तक उघडून पालथं धरलं की मुखपृष्ठाची पुढची आणि मागची बाजू सलग दिसते. पुढच्या बाजूला जमिनीवरचा पाय, मागच्या बाजूला पायरीवरचा, आणि मध्ये पुस्तकाचा कणा. टाच उचललेली असली की माणूस चढतोय की उतरतोय, सांगता येत नाही. पुस्तक खोटं ठरत नाही आणि तीही अडकून पडत नाही.

आत्याला म्हटलं, “मला तुझे पाय हवेत.”

“ही काय नवी थेरं? पाया पडणार आहेस का?”

स्टूल मांडलं. तिने एक पाय वर ठेवला, एक खाली, आणि गॅलरीच्या दाराला धरून उभी राहिली. मी खाली फरशीवर बसून काढायला लागलो. तिच्या टाचांना भेगा आहेत, नकाशातल्या नद्यांसारख्या. इतकी वर्षं या टाचा माझ्यासमोरून जातायत.

“चढू की उतरू?” तिने विचारलं.

“तशीच थांब.”

थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “छोट्या, लवकर कर रे. मला आता असं फार वेळ उभं राहवत नाही.”

“झालंच.”

मी घाई केली नाही, पण रेंगाळलोही नाही. झाल्यावर तिने वाकून बघितलं. बराच वेळ. “भेगा काढायलाच हव्या होत्या का?”

“हो.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “त्या आहेतच.”

३१ मार्च

सकाळी काम दाखवलं, दुपारी आत्याला सोडायला गेलो. एकाच दिवशी दोन्ही यावं हे कुणी ठरवलं देव जाणे.

संपादिकाबाईंनी डमी, म्हणजे कोऱ्या पानांवर मुखपृष्ठ चढवून केलेलं नमुन्याचं पुस्तक, हातात घेतली. पुढून बघितली, मागून बघितली, मग उघडून पालथी केली आणि दोन्ही पाय एकत्र आले तेव्हा ‘अगंबाई’ म्हणाल्या. 

“चढतेय की उतरतेय?”

“ते आत आहे,” मी म्हणालो. 

“या वेळी वाचलंस?”

“हो. मला शेवट पटला नाही.”

“मलाही,” त्या म्हणाल्या. “तरुण असताना वाचलं तेव्हाही नाही पटला. म्हणून तर दर दोन-चार वर्षांनी पुन्हा वाचते. उतरली नसेल या आशेने.”

मॅडमकडून नुसतं ‘हं’सुद्धा नाही. माझं रेखाटन घेऊन खिडकीच्या उजेडात गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

निकाल नंतर कळेल म्हणाले. मी पळत घरी आलो. आत्या बांधाबांध करून तयार होती. एक बॅग, एक पिशवी आणि कुंड्यांतल्या फक्त दोन. बाकीच्या आम्हाला सांभाळायच्या आहेत. बॅग बाबांनी उचलली. बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली तेव्हा ते खिडकीखाली गेले आणि वर बघून म्हणाले, “तुझी ती परीक्षा. अजून देता येते का?”

आत्याला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही, काढता कदाचित येईल. “विचारून बघते,” ती म्हणाली.

बस गेली. बाबा म्हणाले, “खिडकीची काच वर होत नव्हती तिची. धूळ लागेल.” आम्ही चालत घरी आलो.

९ एप्रिल

घर म्हणजे रणभूमी. भात दोनदा खालून लागला. बारीक अक्षर नीट वाचलं तर लागत नाही असं बाबांचं म्हणणं. कपड्यांना निळा रंग चढला, सगळ्यांनाच चढल्यामुळे तो आता आमचा रंग. कुंड्यांना पाणी बाबा घालतात. आज त्यांना एका कुंडीशी ‘काय गं, वाळलीस का?’ असं विचारताना पकडलं.

चहा मी करतो. गाळणी खरोखर नाकासमोरच असते.

१८ एप्रिल

निकाल लागला. मालिकेतल्या पहिल्या दोन पुस्तकांची मुखपृष्ठं ठिपकाची छापणार आहेत. तिची भिंत माझ्या भिंतीपेक्षा खरंच सरस आहे, हे मी शुद्धीत लिहितोय. फाटकाच्या कादंबरीचं मुखपृष्ठ माझं. संपादिकाबाई म्हणे बैठकीत म्हणाल्या की मालिका एकसारखी दिसली नाही तरी चालेल, पण हे पाय सोडायचे नाहीत.

ठिपकाने मला पाठीत धपाटा घातला. ती म्हणजे मिठी होती बहुधा. मॅडम म्हणाल्या, “पुढच्या वेळी आत्यांना नको त्रास देऊस.” मी म्हणालो, “त्यांना वेळ नाही आता.”

बाहेर पायऱ्यांवर येऊन पहिला फोन आत्याला लावला. खूप वेळ वाजला. शेवटी उचलला तेव्हा मागे कुणीतरी ओरडत होतं, गाडीचा आवाज येत होता.

“आत्या, तुझे पाय छापले जाणार!”

“काय? कोण पाय? अरे, जरा थांब हं... ती रोपं उन्हात नका ठेवू, सावलीत, सावलीत घ्या! हां, बोल छोट्या.”

“मुखपृष्ठ! माझं घेतलं!”

“घेतलं?” ती एवढी जोरात ओरडली की मागचा आरडाओरडासुद्धा थांबला. “अरे वा रे माझ्या राजा! मला सगळं ऐकायचंय. अगदी पहिल्यापासून. पण आत्ता नाही. ट्रक आलाय, मोजून उतरवून घ्यायचाय आणि ही माणसं नुसती बघत उभी आहेत. मी नंतर करते.” आणि फोन ठेवला.

मी फोनकडे बघत राहिलो. माझ्या आख्ख्या आयुष्यात आत्याने माझं बोलणं असं मध्येच कधी तोडलं नव्हतं. जिथे होतो तिथेच पायरीवर बसलो आणि एकटाच हसायला लागलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग विचारलं, “आज भाजी कुठली करायची?”

“तुम्हाला कुठली येते?”

“एकही नाही. तुला?”

“मला चिरता येते.”

“मग चल,” ते म्हणाले आणि पिशवी शोधायला लागले. आम्ही दोघं चपला घालून बाजारात गेलो.